हॉपर भरण्यापासून पहिल्या वळणापर्यंत: फवारणी विमानाचा सुरक्षित टेकऑफ

फवारणीच्या विमानाचा अपघात म्हटलं की बहुतेकांना विजेच्या तारेत अडकलेलं विमान आठवतं. तारांचे अपघात होतात आणि पुष्कळ होतात. टेकऑफचे अपघात मात्र वेगळ्या जातीचे. त्यांत अनपेक्षित असं फार थोडं असतं. वजन, हवा, जमीन, वारा आणि धावपट्टीची लांबी या पाचही गोष्टी चाकं हलण्याआधी मोजता येतात, आणि अपघातानंतर चौकशी होते तेव्हा बऱ्याचदा असं दिसतं की त्या कोणी मोजल्याच नव्हत्या. हा लेख नव्या कृषी वैमानिकांसाठी आहे. तितकाच तो हॉपर, म्हणजे विमानातली औषधाची किंवा खताची टाकी, भरणाऱ्या लोडरसाठी आणि ज्यांच्या पैशावर विमान उडतं त्या मालकांसाठीही आहे, कारण टेकऑफचा निर्णय खरं तर लोडिंगच्या जागीच होतो.

प्रवासी विमानाचं वजन ठरवताना एक इंजिन बंद पडलं तरी ते चढत राहील एवढी ताकद आधीच बाजूला काढलेली असते. फवारणीच्या विमानाला ही चैन नाही. इंजिन एकच, पट्टी मातीची किंवा गवताची, टोकाला झाडं नाहीतर खांब, आणि हंगामात एका दिवसात डझनावारी टेकऑफ. त्यातला प्रत्येक टेकऑफ त्या फेरीतल्या सर्वांत जड क्षणी होतो. पुढच्या काही मिनिटांत विमान रिकामं होऊन हलकं होतं, पण तोवर निभावायला हवं.

अपघात नेमका कसा होतो

बहुतेक प्रकरणं चार साच्यांत बसतात. पहिला: विमान वेगच धरत नाही, पट्टी संपते आणि ते बांधावर, चरात किंवा कुंपणात जातं. दुसरा: चाकं सुटतात, पण विमान चढत नाही, आणि पुढच्या झाडाला किंवा तारेला धडकतं किंवा स्टॉल होऊन, म्हणजे पंखांची उचल तुटून, पडतं. तिसरा: धावताना दिशा सुटते, विमान गर्रकन फिरतं. चौथा: चाकं सुटल्यावर इंजिनाची ताकद जाते आणि वैमानिक लोड, म्हणजे हॉपरमधला माल, न सोडता मागे वळू पाहतो.

तिसरा प्रकार हा मुख्यतः पायांच्या, म्हणजे रडरच्या सरावाचा प्रश्न आहे. दुसरा प्रकार सर्वांत फसवा, म्हणून त्यावर थोडं थांबू.

जमिनीला अगदी लगटून उडताना पंखांना एक तात्पुरती सवलत मिळते, तिला ग्राउंड इफेक्ट म्हणतात. उचल निर्माण करताना पंखांमागे भोवरे तयार होतात आणि त्यांच्यामुळे विरोध वाढतो. जमीन जवळ असली की ते भोवरे पुरते पसरू शकत नाहीत. पंख जमिनीपासून त्यांच्या विस्ताराच्या एक दशांश उंचीवर असतील तर हा विरोध जवळजवळ निम्मा होतो. पाव विस्ताराच्या उंचीवर तो सुमारे २३ टक्क्यांनी कमी असतो. पूर्ण विस्ताराएवढी उंची गाठली की फायदा नावापुरता उरतो. फवारणीच्या बहुतेक विमानांचे पंख खालच्या बाजूला असतात. १५ मीटर पंखविस्ताराच्या अशा विमानाची चाकं नुकतीच सुटलेली असतात तेव्हा ते या सवलतीच्या ऐन मध्यात असतं. जड विमान इथे उडतं, आणि चार-पाच मीटर वर गेलं की उडेनासं होतं. वैमानिकाला वाटतं इंजिन दगा देतंय. इंजिन ठीक असतं, फक्त सवलत संपलेली असते. अशा वेळी नाक आणखी वर ओढलं की विरोध वाढतो, वेग घटतो आणि विमान खाली बसू लागतं.

पायरी १: वजन किलोत मोजा

हॉपरवर लिटरच्या खुणा असतात आणि सगळं बोलणं लिटरमध्येच होतं. पंखांना लिटर कळत नाहीत. १,९०० लिटरचा हॉपर पाण्याने भरला तर वजन १,९०० किलो. त्याच हॉपरमध्ये ३२ टक्के नत्राचं युरिया-अमोनियम नायट्रेटचं द्रावण भरलं, तर त्याची घनता लिटरला सुमारे १.३३ किलो असल्यामुळे वजन २,५०० किलोच्या वर जातं. खूण तीच, वजन सहाशे किलोंनी जास्त. काल कीटकनाशकाची फवारणी होती आणि आज द्रवखत आहे, अशा दिवशी ही चूक होते, कारण लोडरचा हात कालच्याच खुणेवर थांबतो.

दाणेदार मालाचं याच्या उलटंही होतं. युरियाचे दाणे लिटरला पाऊण किलोच्या आसपास भरतात, त्यामुळे हॉपर काठोकाठ भरूनही वजन मर्यादेत राहू शकतं. सुपरफॉस्फेट किंवा चुना वेगळा. त्यांची घनता जास्त, आणि ओल लागली की माल गठ्ठा धरतो. तो गठ्ठा डंपचं दार, म्हणजे सगळा माल एकदम खाली सोडणारं हॉपरचं दार, उघडल्यावरही खाली पडत नाही, ही त्यातली आणखी वाईट गोष्ट.

करायचं काय? प्रत्येक मालासाठी घनता लिहिलेला एक तक्ता लोडिंगच्या गाडीवर चिकटवा. घनता मालाच्या लेबलवर किंवा माहितीपत्रकावर मिळते. नसेल तर एक लिटरचं भांडं भरून वजनकाट्यावर ठेवा, दोन मिनिटांचं काम आहे. मग रिकाम्या विमानाचं वजन, वैमानिक, इंधन आणि लोड यांची बेरीज करा. जेट इंधन लिटरला सुमारे ०.८ किलो धरा, पेट्रोलवर चालणाऱ्या पिस्टन इंजिनाचं ०.७२.

लोडचा वाटा किती मोठा असतो हे पाहायला एअर ट्रॅक्टर ८०२ घ्या. हॉपर ८०० अमेरिकन गॅलन, म्हणजे सुमारे ३,०२८ लिटर. कमाल टेकऑफ वजन १६,००० पौंड, म्हणजे ७,२५७ किलो. एकूण वजनात ४० टक्क्यांहून जास्त वाटा नुसत्या हॉपरमधल्या पाण्याचा. लोडमध्ये दहा टक्के चूक झाली तर ती किरकोळ नसते.

काही देशांत कृषी विमानांना त्यांच्या मूळ प्रमाणित वजनापेक्षा जास्त वजन घेऊन उडण्याची मुभा असते. न्यूझीलंड आणि अमेरिका ही त्यातली ठळक उदाहरणं. ही मुभा कायद्याने दिलेली आहे, हवेने नव्हे. विमानाच्या पुस्तकातले कामगिरीचे तक्ते बहुधा मूळ वजनाशीच संपतात, आणि त्यापुढचं अंतर अंदाजावर जातं. माझं स्पष्ट मत: ज्या वजनासाठी तक्ता नाही त्या वजनाने नवख्या वैमानिकाने उडूच नये.

पायरी २: आजची हवा कोणत्या उंचीची आहे ते काढा

उन्हाने हवा विरळ होते. विरळ हवेत पंख, प्रोपेलर आणि इंजिन तिन्ही एकदम ढिले पडतात. याचा हिशोब डेन्सिटी अल्टिट्यूडने करतात. सूत्र साधं आहे: ठिकाणाची दाबाची उंची (हवेच्या दाबावरून काढलेली उंची) घ्या, त्या उंचीवर प्रमाण तापमान किती असायला हवं ते काढा (समुद्रसपाटीला १५ अंश, दर हजार फुटांना २ अंश कमी), आजचं तापमान त्यापेक्षा जितके अंश जास्त, तितक्या अंशांना १२० फुटांनी गुणा आणि उंचीत मिळवा.

समजा पट्टी १,५०० फुटांवर आहे आणि दुपारी पारा ३८ अंशांवर आहे. प्रमाण तापमान १२ अंश. फरक २६. २६ गुणिले १२० म्हणजे ३,१२० फूट. एकूण ४,६२० फूट. विमानाच्या दृष्टीने तुम्ही साडेचार हजार फुटांवरच्या पट्टीवरून निघालेले आहात. सकाळी सात वाजता तिथेच २२ अंश होते तेव्हा हा आकडा २,७०० फूट होता. तीच पट्टी, तेच विमान, तोच लोड, पण दुपारचा टेकऑफ वेगळा आहे.

हवा दमट असेल तर आकडा आणखी थोडा वाढतो. टर्बाइन इंजिनवाल्यांना वाटतं हा प्रश्न पिस्टनवाल्यांचा. तसं नाही. उष्ण दिवशी टर्बाइन टॉर्कच्या (प्रोपेलर फिरवणाऱ्या जोराच्या) मर्यादेला पोचण्याआधीच तापमानाच्या मर्यादेला पोचतं, आणि मग मिळेल तेवढ्या टॉर्कवरच भागवावं लागतं. शिवाय वेगदर्शक यंत्रावर टेकऑफचा वेग नेहमीचाच दिसत असला तरी विरळ हवेत जमिनीवरचा खरा वेग जास्त लागतो. तो गाठायला अंतरही जास्त लागतं.

पायरी ३: अंतर गुणत जा

इथे बहुतेक जण बेरीज करतात, आणि तिथेच फसतात. प्रत्येक अडचण आधीच्या अडचणीवर गुणली जाते. ब्रिटनच्या नागरी विमान प्राधिकरणाने हलक्या विमानांसाठी दिलेले गुणक डोक्यात ठेवायला सोपे आहेत: वजन १० टक्क्यांनी वाढलं तर १.२, उंची हजार फुटांनी वाढली तर १.१, तापमान १० अंशांनी वाढलं तर १.१, कोरडं गवत १.२, ओलं गवत १.३, दोन टक्के चढ १.१, टेकऑफच्या वेगाच्या एक दशांश इतका मागून वारा असेल तर १.२, मऊ जमीन १.२५ किंवा त्याहून जास्त. आणि सगळ्याच्या शेवटी सुरक्षिततेसाठी १.३३.

पुस्तकात आजच्या पट्टीच्या उंचीसाठी ४०० मीटर दिलेत असं समजू. कोरडं गवत: ४८०. पुस्तकातल्यापेक्षा २० अंश जास्त तापमान, म्हणजे दोनदा १.१: सुमारे ५८०. तक्त्यातल्यापेक्षा १० टक्के जास्त वजन: सुमारे ६९७. मागून हलका वारा: ८३६. एकही गोष्ट स्वतंत्रपणे भयंकर नव्हती, तरी अंतर दुपटीच्या वर गेलं. सुरक्षिततेचा गुणक लावला की ते १,१०० मीटरपार जातं. पट्टी ९०० मीटरची असेल तर उत्तर समोर आहे.

हे गुणक अचूक नाहीत, मोठ्या कृषी विमानासाठी तर नाहीतच. तुमच्या विमानाच्या पुस्तकात तक्ता असेल तर तोच वापरा. पण मनातल्या 'जमेल की' या अंदाजापेक्षा हे आकडे शंभर पटींनी बरे.

आकडा बसला नाही तर हातात तीनच गोष्टी असतात: लोड कमी करणं, दिशा बदलणं, वेळ बदलणं. पहिली सर्वांत स्वस्त. वजन १० टक्क्यांनी घटवलं की अंतर साधारण सहाव्या भागाने कमी होतं, शिवाय चढण्याची क्षमता वाढते ती वेगळीच. दिवसातला पहिला लोड नेहमी कमी घ्यावा, कारण तेव्हा टाक्या इंधनाने भरलेल्या असतात, पट्टी अजून तपासलेली नसते आणि वैमानिकही पुरता जागा झालेला नसतो.

पायरी ४: पट्टी पायी चाला

गाडीतून चक्कर मारणं पुरेसं नाही. गाडीत बसल्यावर मऊ जमीन कळत नाही. चालत जा, टाचेने दाबून पाहा, ओल कुठे धरलीय, चाकोऱ्या किती खोल गेल्यात, चढ कोणत्या बाजूला आहे. विशेषतः लोडिंगच्या जागेजवळ पाणी सांडून जिथे चिखल होतो तो पट्टा पाहा. विमान नेमकं तिथूनच धावायला सुरुवात करतं, आणि तिथे गमावलेला वेग पुढे भरून निघत नाही.

टोकाला उभं राहून पलीकडे बघा. तार खांबांवरून ओळखायची, तारेवरून नव्हे, कारण तार दिसतच नाही. पीक गेल्या पंधरवड्यात किती उंच झालं? कडेला ट्रॅक्टर, पंप, पाण्याची टाकी यांतलं काही नवं आलंय का? इंजिन बंद पडलं तर डावीकडे-उजवीकडे तीसेक अंशांत कुठे उतरता येईल? ही जागा आत्ताच डोळ्यांनी निवडून ठेवायची. हवेत गेल्यावर निवडायला वेळ नसतो.

वाऱ्याचा मोजा, म्हणजे विंडसॉक, नसेल तर काठीला फडका बांधा. सकाळी समोरून असलेला वारा दुपारी मागून येऊ लागतो आणि कामाच्या लयीत असलेल्या वैमानिकाच्या ते लक्षात येत नाही. एकच दिशा धरून वीस फेऱ्या झाल्या की एकविसावी फेरीही त्याच दिशेला जाते. त्या फडक्याकडे लक्ष ठेवण्याचं काम लोडरला नेमून द्या.

पायरी ५: दोन झेंडे

या लेखातली एकच पायरी अमलात आणायची असेल तर ही आणा.

आधी ठरवा, चाकं कुठपर्यंत सुटायलाच हवीत. ९०० मीटरच्या पट्टीवर पुढचा अडथळा ओलांडायचा असेल तर समजा ६०० मीटरवर. तिथे कडेला एक झेंडा लावा. त्याच्या अर्ध्यावर, म्हणजे ३०० मीटरवर आणखी एक वेगळ्या रंगाचा झेंडा. विमान त्याच्याजवळ आधी पोचतं, म्हणून त्याला पहिला झेंडा म्हणू आणि ६०० मीटरवरच्याला दुसरा.

पहिल्या झेंड्याचा नियम: इथे टेकऑफच्या वेगाच्या ७० टक्के वेग हवा. ७० नॉटला चाकं सुटत असतील तर इथे किमान ४९. नसेल तर थ्रॉटल बंद, थांबा. यामागचं गणित असं की सारख्या प्रवेगात अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, आणि ०.७ चा वर्ग ०.४९, म्हणजे जवळजवळ निम्मा. पण जड विमानाचा प्रवेग सारखा राहत नाही. वेग वाढतो तशी प्रोपेलरची ओढ कमी होते आणि हवेचा विरोध वाढतो, त्यामुळे दुसऱ्या अर्ध्यात कमाई कमी होते. म्हणून ७० टक्के हा काठावर पास होण्याचा आकडा समजा. जेमतेम तेवढाच मिळत असेल तर पुढच्या फेरीला लोड घटवा.

'अर्धं' कशाचं, यातही गफलत होते. पूर्ण पट्टीच्या अर्ध्यावर हा नियम लावला तर चाकं पट्टीच्या अगदी टोकाला सुटतात आणि अडथळा समोर उभा असतो.

दुसऱ्या झेंड्याचा नियम: चाकं सुटली नसतील आणि इंजिन नीट चालत असेल तर लोड सोडा आणि सरळ पुढे उडत राहा. इथे ब्रेक मारू नका. भरवेगात जोरात ब्रेक मारला तर शेपटीच्या चाकाचं विमान नाकावर जातं. लोड गेल्यावर तेच विमान काही क्षणांत वेगळं होतं.

दोन झेंड्यांच्या मध्ये इंजिनाने ताकद गमावली तर? थ्रॉटल बंद, लोड सोडा, विमान सरळ ठेवून थांबवा. टर्बाइनला प्रोपेलरच्या पात्यांचा कोन उलटा करून थांबण्याची सोय असते, ती इथे कामी येते.

हे तिन्ही निर्णय इंजिन सुरू करण्याआधी मोठ्याने म्हणा. ऐकायला विचित्र वाटतं, पण मोठ्याने म्हटलेलं हाताला आठवतं.

पायरी ६: निघण्यापूर्वी

चालू इंजिनावर हॉपर भरण्याची पद्धत सर्रास आहे. तिच्यात दोन धोके: फिरता प्रोपेलर, आणि न काढलेला होज. होज लावलेलं असतानाच विमान निघालं असे प्रकार घडले आहेत. म्हणून लोडरने होज हातात धरून, वैमानिकाला दिसेल अशा ठिकाणी येऊन, पंखाच्या मागच्या बाजूने दूर जाऊन अंगठा दाखवावा. तो अंगठा दिसेपर्यंत ब्रेक सुटणार नाही, एवढंच ठरवून ठेवा.

हॉपरचं झाकण पक्कं बंद आहे का हे पाहा. चाकं सुटल्यावर झाकण उघडलं तर औषध समोरच्या काचेवर येतं आणि पुढचं काही दिसत नाही. मग इंधनाची टाकी योग्य निवडलीय ना, ट्रिम जड लोडच्या जागी, फ्लॅप पुस्तकात दिलेल्या अंशांवर, शेपटीचं चाक लॉक, थ्रॉटलचा घर्षण-नट घट्ट, खांद्यांचे पट्टे आवळलेले, हेल्मेट डोक्यावर, काच स्वच्छ. सूर्य खाली असताना मळकी काच म्हणजे भिंत, हे सकाळी पूर्वेकडे तोंड करून निघणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावं.

डंपचं दार रोज पहिल्या लोडआधी पूर्ण उघडून पाहा, शक्यतो हॉपरमध्ये थोडं पाणी घालून. औषधांच्या साक्यामुळे ते अडकतं. गरज पडते तेव्हा ते उघडलं पाहिजे, आणि ती वेळ सांगून येत नाही.

पायरी ७: धावताना आणि सुटल्यावर

थ्रॉटल सावकाश पुढे, स्टिक मागे, शेपूट खाली. ताकद अपेक्षेइतकी आली का ते पहिल्या काही सेकंदांतच गेजवर पाहा. आजच्या तापमानाला किती टॉर्क यायला हवा हा आकडा आधीच माहीत असला पाहिजे. कमी दिसला तर तिथल्या तिथे थांबा, 'येईल पुढे' म्हणून वाट पाहू नका.

शेपूट उचलताना नाक बाजूला ओढ घेतं. वैमानिकाच्या जागेवरून घड्याळाच्या दिशेने फिरणाऱ्या प्रोपेलरला ते डावीकडे जातं. शेपूट जितक्या झटक्यात उचलाल तितका हा ओढा मोठा. रडर तयार ठेवा, आणि शेपूट हळूच उचला.

पूर्ण ताकद स्थिर झाली की थ्रॉटलवरचा हात डंप हँडलवर जातो आणि पुरेशी उंची मिळेपर्यंत तिथेच राहतो. ही सवय लावून घेण्यासारखी आहे. हात हँडलवर असेल तर निर्णय घ्यायला एक क्षण पुरतो. हात दुसरीकडे असेल तर आधी हँडल शोधण्यात वेळ जातो.

विमान आपण होऊन सुटू द्या. ओढून उचललेलं जड विमान ग्राउंड इफेक्टमध्ये लटकत राहतं. सुटल्यावर काही क्षण जमिनीलगतच सरळ जाऊन वेग जमवा, मग चढा. फ्लॅप एकदम नाही, थोडे थोडे करून आत घ्या.

पहिलं वळण हा टेकऑफचाच भाग समजा. स्टॉलचा वेग वजनाच्या वर्गमुळाने वाढतो, म्हणजे २० टक्के जादा वजनाला सुमारे साडेनऊ टक्के. त्यावर ३० अंशांच्या बँकला, म्हणजे विमान तेवढं कलंडवून वळताना, आणखी ७ टक्के, ४५ अंशांना १९, आणि ६० अंशांना ४१. सकाळी रिकाम्या विमानाने मारलेलं तेच सुंदर वळण भरल्या विमानाने मारता येत नाही. शेत पट्टीला लागूनच असलं की हा मोह जास्त होतो. विमान थोडं पुढे न्या, उथळ वळा. तेवढ्याने एका फेरीचे काही सेकंद जातात, बास.

लोड सोडणं

न्यूझीलंडच्या नियमांत जादा वजनाने उडणाऱ्या कृषी विमानाला अशी अट आहे की हॉपरच्या कमाल लोडपैकी किमान ८० टक्के पाच सेकंदांत सोडता आला पाहिजे. अमेरिकेच्या नियमांत दाट वस्तीवरून काम करणाऱ्या विमानाला निम्मा लोड ४५ सेकंदांत सोडता यावा एवढंच म्हटलंय. टेकऑफच्या दृष्टीने पहिला आकडा कामाचा आहे. फसलेल्या टेकऑफमध्ये ४५ सेकंद मिळत नाहीत, त्याच्या कितीतरी आधी प्रकरण जमिनीवर आलेलं असतं.

लोड एकदम सुटला की नाक वर उसळतं. हे माहीत नसेल तर लोड सोडून वाचलेलं विमान पुढच्याच क्षणाला स्टॉल होतं. म्हणून हँडल ओढताना दुसऱ्या हाताने स्टिक पुढे दाबायची, दोन्ही एकदम. याचा सराव आधी पुरेशा उंचीवर, नुसत्या पाण्याने, कमी लोडपासून सुरू करून जाणकार माणसाच्या देखरेखीखाली करा.

चाकं सुटल्यावर इंजिन गेलं तर क्रम असा: नाक खाली, लोड बाहेर, समोर, आधी निवडून ठेवलेल्या जागेत उतरा. मागे वळू नका. पन्नास-शंभर फुटांवरून मागे वळणं जमत नाही. पिकात पोटावर उतरलेलं विमान दुरुस्त होतं किंवा विकलं जातं. वळताना स्टॉल झालेलं विमान मात्र नाकावर पडतं.

मग वैमानिक लोड का सोडत नाहीत? कारण हॉपरमध्ये दुसऱ्याच्या पैशाचं औषध असतं, खाली सांडलं तर कागदपत्रं भरावी लागतात, आणि बाजूला उभे असलेले लोक बघत असतात. हा अडथळा वैमानिकाच्या डोक्यातला असला तरी तो घातलेला असतो मालकाने. हंगाम सुरू होण्याआधी मालकाने सगळ्यांसमोर सांगून टाकावं: लोड सोडला तर कोणी कारण विचारणार नाही, आणि त्याचे पैसे कोणाकडून कापले जाणार नाहीत. आणि पहिल्यांदा कोणी लोड सोडेल तेव्हा हा शब्द पाळावा. पाळला नाही तर पुढचा वैमानिक हँडल ओढणार नाही.

शरीर आणि दिवस

अमेरिकेत २०१३ मध्ये कृषी कामात गुंतलेल्या विमानांचे ७८ अपघात झाले, त्यातले ९ जीवघेणे होते. तिथल्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१४ मध्ये त्यांवर स्वतंत्र अहवाल काढला आणि थकवा, अपुरी देखभाल, जोखीम तोलण्याच्या पद्धतीचा अभाव या गोष्टींवर बोट ठेवलं. थकव्याचा टेकऑफशी संबंध सरळ आहे. दमलेला माणूस हिशोब पुन्हा करत नाही, सकाळचाच आकडा दुपारी वापरतो. म्हणून आकडा वैमानिकाच्या डोक्यात न ठेवता फळ्यावर ठेवा: सकाळी नऊपर्यंत इतके लिटर, बारापर्यंत इतके, त्यानंतर इतके. लोडरने फळा पाहून भरायचं, आणि वैमानिकाने जास्त मागितलं तरी द्यायचं नाही. लोडरला नाही म्हणण्याचा अधिकार लेखी द्या, नाहीतर तो अधिकार कागदोपत्रीही राहत नाही.

औषधं कालवण्याचं काम वैमानिकाने करू नये. ऑर्गनोफॉस्फेट वर्गातली कीटकनाशकं अंगात गेली की बाहुल्या आकसतात आणि दृष्टी अंधुक होते. अशा डोळ्यांना तार दिसत नाही. असं काही जाणवलं तर उड्डाण थांबवून सरळ डॉक्टर गाठा.

अपघात झालाच तर वाचण्याची शक्यता बरीच आधी ठरलेली असते. फ्रेड वाइक यांनी टेक्सासमध्ये खास शेतीसाठी बांधलेलं एजी-१ हे विमान १९५० मध्ये उडालं. लोड पुढे, वैमानिक त्याच्यामागे उंचावर आणि मजबूत सांगाड्यात, ही रचना पुढच्या बहुतेक कृषी विमानांनी उचलली. धडकेचा जोर पुढचा भाग चुरगळण्यात खर्च व्हावा आणि वैमानिक शाबूत राहावा हा हेतू. पण खांद्यांचे पट्टे सैल असतील तर हा सांगाडा काही करू शकत नाही. उकाड्यात पट्टे सैल सोडणारे आणि हेल्मेट मागे टांगून ठेवणारे वैमानिक सर्वत्र दिसतात.

टेकऑफ सोडून दिल्यानंतर

थांबलात किंवा लोड सोडून परत उतरलात, की लगेच दुसरी फेरी नको. इंजिन बंद करा. ब्रेक तापलेले असतात, त्यांना थंड होऊ द्या. चाकं, गिअर, प्रोपेलरची पाती आणि डंपचं दार तपासा. दाराच्या कडेला माल अडकून ते अर्धवट उघडं राहिलं असेल तर पुढचा लोड भरतानाच गळू लागेल. औषध सांडलं असेल ती जागा आखून घ्या, माणसं आणि जनावरं दूर ठेवा, लेबलवर सांगितल्याप्रमाणे सफाई करा.

मग कारण शोधा, आणि ते सापडेपर्यंत 'वारा पडला असेल' या उत्तरावर थांबू नका. टॉर्क किती होता, पहिल्या झेंड्याशी वेग किती होता, हॉपरमध्ये खरोखर किती किलो होते? लोडरला विचारा, त्याला बहुतेक वेळा माहीत असतं. फळ्यावरचा आकडा पुसून नवा लिहा, आणि पुढची फेरी त्या आकड्याने करा.